लाँचवरचं तिखलं

तिसऱ्या वर्षाला आम्हाला उद्योजकता हा विषय होता. शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या पुण्याकडच्या, लग्न होऊन रत्नागिरीत आलेल्या. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "पुस्तक नंतर उघडू. आधी एका कागदावर लिहा, तुमच्या घरात असं काय आहे जे शेजारच्या घरात नाही?"

वर्गात भराभर पेनं चालायला लागली. कुणाची आंब्याची कलमं होती, कुणाची काजूची बाग, एकीच्या मामाची सावर्ड्याला हायवेला लागून जागा होती. मी कागद पुढे घेऊन नुसती बसले. आमचं घर मिरकरवाड्यात, दोन खोल्यांचं. आई जेट्टीवर मासे घेऊन बाजारात विकायची, बाबा लाँचवर जायचे. शेजारच्या घरातही तेच आणि त्याच्या शेजारीही तेच. तास संपत आला तेव्हा मी लिहिलं, 'माझे बाबा लाँचवर जेवण करतात.'

मॅडमनी ते मोठ्याने वाचलं तशी मागच्या बाकावर दोघंतिघं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "काय करतात जेवणात?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. बाबा पंचवीस वर्षं दर फेरीला आठ-दहा दिवस खलाशांना दोन वेळ रांधून घालत होते आणि त्यांच्या हातचा एक घासही मी कधी खाल्ला नव्हता. घरी आले की ते चुलीकडे फिरकायचेही नाहीत. घरातली चूल आईची. बाबा पाटावर बसणार, पुढे येईल ते जेवणार आणि झोपणार. ते आचारी आहेत हे आम्ही कुणाला फारसं सांगतही नसू. वाड्यात मान तांडेलाला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला, आणि त्याच्यानंतर जाळं ओढणाऱ्यांना. जेवण करणाऱ्याला सगळे हाक मारतात ती फक्त भूक लागली की.

मॅडम म्हणाल्या, "जाऊन विचार त्यांना. मग ठरव."

त्या फेरीहून बाबा आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, की मला कॉलेजात एक हॉटेल काढायचं आहे, कागदावर, आणि त्यात लाँचवरचं जेवण ठेवायचं आहे. ते हसायलाच लागले.

"लाँचवरचं जेवान हाटेलात? अगो, ता काय जेवान हाय? नारळ नाय, वाटान नाय. जा मावरा कुणी घेणार नाय ता डेचक्यात पडतंय. पैसे देऊन कोण खाईल?"

"पण तुमचे खलाशी खातात ना?"

"खातत. जातील कुठे? चारी बाजूंनी पाणी."

पण रविवारी सकाळी ते स्वतःच पिशवीतून बांगडे घेऊन आले, वाटणीला आलेले. आईला म्हणाले, "जरा बाजूला हो गो. पोरीचा अभ्यास हाय." आई पदर खोचून दारात जाऊन बसली. तिच्या चुलीपाशी दुसऱ्या कुणाला बघणं तिला जड जात होतं, पण हसूही येत होतं.

बाबांना सुरुवातीला काही सुचेना. त्यांनी गॅस पेटवला, टोप ठेवला आणि तसेच उभे राहिले. "हितं काय हलतच नाय," ते म्हणाले. लाँचवर ते टोप गुडघ्याने अडवून धरायचे, एका हाताने वरची दोरी पकडायची आणि दुसऱ्याने ढवळायचं. पंचवीस वर्षांची ती सवय. मग त्यांनी एक पाय ओट्याखालच्या फळीला लावला, तेव्हा कुठे हात चालायला लागले.

मी दुकानातून वजनकाटा मागून आणला होता. मॅडमनी सांगितलं होतं, कृती मापात पाहिजे, नाहीतर धंदा वाढत नाही. बाबांना माप सांगता येत नव्हतं. मग मी प्रत्येक वाटी आधी वजन करून त्यांच्यापुढे ठेवायची, त्यांनी त्यातून चिमूट घ्यायची, आणि मी उरलेलं पुन्हा वजन करायची. मीठ इतकं, तिखट इतकं, हळद इतकी. लसूण त्यांनी बाटलीच्या बुडाने ठेचली, सालासकट. भरपूर आमसुलं, दोन-चार तिरफळं, आणि पाणी जेमतेम. लाँचवर गोडं पाणी जपून वापरायचं म्हणून त्यांचं तिखलं, म्हणजे हे बिननारळाचं झणझणीत कालवण, दाट, हे मला त्या दिवशी कळलं.

टोपावर झाकण ठेवून ते बाजूला झाले. मी विचारलं, "मीठ नाही बघत?"

"बघायला कशाला पायजे? वास सांगतो."

मी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं.

मग आम्ही जेवलो. आईने पहिला घास खाल्ला, ताट संपवलं. दुसऱ्यांदा भात घेतला. लग्नाला इतकी वर्षं होऊन ती नवऱ्याच्या हातचं पहिल्यांदा जेवत होती. मला तर जीभ भाजत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हात थांबत नव्हता. बाबा दूध-भात कालवून बसले होते. "तुम्ही नाही घेतलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "करून करून पोट भरलं."

मी त्यांना काहीच चाखताना पाहिलं नव्हतं. तरी मला ते उत्तर पटलं.

पुढचे दोन महिने मी फार आनंदात होते. तेवढा आनंद मला त्याआधी कशाचा झाला नव्हता. भाट्याच्या पुलाजवळ उभी राहून मी पर्यटकांना प्रश्न विचारायची, काय खायला आलात, काय मिळालं नाही. जेट्टीजवळ एक बंद गाळा होता, पूर्वी तिथे जाळ्यांचं सामान मिळायचं. तो मी मनात आमचा करून टाकला होता. टेबलं किती बसतील ते बाहेरून पावलं टाकून मोजलं होतं. बाबा फेरीहून आले की मी त्यांना वही दाखवायची. ते चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरावर बोट ठेवून वाचायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "हे मी बोललो? खरंच?" एकदा त्यांनी मला विचारलं, "टोपी घालायला लागेल काय, पांढरी, हाटेलवाल्यासारखी?" मी म्हटलं, लागेल. ते आरशासमोरून जाताना थोडे थांबले, ते मी पाहिलं.

व्यवसायाच्या आराखड्यात एक भाग जोखमींचा होता. काय काय बिघडू शकतं आणि मग तुम्ही काय कराल, ते लिहायचं. मी लिहिलं, मासेमारीबंदीच्या दिवसांत सुके मासे वापरू. वादळात लाँची बंदरात राहिल्या तर मेन्यू बदलू. मॅडमनी वाचून विचारलं, "आणि मुख्य आचारी आजारी पडला तर?"

मी म्हटलं, "बाबा कधी आजारी पडत नाहीत, मॅडम."

त्यांनी लाल पेनाने बाजूला लिहिलं, 'हे उत्तर नाही.'

मला राग आला होता. त्या रागात मी आचाऱ्याची ओळख करून देणाऱ्या पानावर आणखी एक वाक्य घातलं. 'आमचे आचारी इतके अनुभवी आहेत की त्यांना पदार्थ चाखून पाहण्याची गरज पडत नाही.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते जाड अक्षरात केलं.

फेब्रुवारीत कॉलेजमध्ये प्रदर्शन भरलं. प्रत्येकाने आपल्या कल्पनेचा नमुना मांडायचा होता. मी बाबांना बोलावलं. त्यासाठी त्यांनी एक फेरी सोडली, आणि तांडेलाने सोडूही दिली. लग्नाकार्यातला शर्ट घालून, केस चापून ते सकाळीच आले. मॅडमना त्यांनी "नमस्कार बाई" म्हटलं आणि नंतर दिवसभर खुर्चीवर बसले नाहीत. टेबलाच्या मागे एक पाय स्टुलाच्या दांडीवर टेकून तिखलं वाढत राहिले. माझ्या वर्गातली, आधी हसलेली मुलं दोनदोनदा येऊन गेली.

दुपारी पाहुणे आले. शहरातले एक हॉटेलमालक होते, चांगला माणूस. त्यांनी भाकरीबरोबर तिखलं खाल्लं, नाक पुसलं आणि बाबांना विचारलं, "याचं गुपित काय हो?"

बाबा म्हणाले, "भूक. दिवसभर जाळा ओढलेला मानूस बसतो ना जेवायला, साहेब, त्याला कायपन गोड लागता."

सगळे हसले. पाहुण्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतः चमचा भरला आणि बाबांपुढे धरला. "आता आमच्या हातून एक घास. फोटो घ्या रे."

बाबा नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "घ्या ना बाबा." त्यांनी तोंड उघडलं. जेमतेम चमचा आत जाईल एवढंच उघडलं. घास आत गेला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. चेहरा लाल झाला, ओठ आवळून ते तसेच उभे राहिले. लोकांना वाटलं, भरून आलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मीही वाजवल्या.

थोड्या वेळाने ते मागच्या नळावर गेले. खिडकीतून मला दिसत होतं. ओंजळीत पाणी घेऊन ते तोंडात धरत होते, थुंकत होते, पुन्हा घेत होते. बराच वेळ. माझ्यासमोर तेव्हा रांग होती. मी वाढत राहिले.

मला पहिला नंबर मिळाला. तो फोटो आजही माझ्याकडे आहे. तो पाहणाऱ्याला एक अभिमानाने रडणारा बाप दिसतो.

शिमग्याला घरी पालखी आली तेव्हा बाबांना पुरणपोळीचा तुकडा तोंडात घालता येईना. ते तो बोटांनी बारीक करत बसले होते. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. मी म्हटलं, तोंड उघडा. त्यांनी मान फिरवली. "तुझी परीक्षा होऊ दे," म्हणाले. लाँचवर सगळेच गालात तंबाखूची चिमूट धरतात, झोप येऊ नये म्हणून. बाबाही वर्षानुवर्षं तेच करत आले होते, आणि तोंड येणं ही वाड्यात काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बॅटरी लावली आणि बाबांच्या दातांमध्ये स्वतःची दोन बोटं उभी बसतात का पाहिलं. एकच बसलं. त्यांनी बॅटरी बंद केली आणि बाबांशी न बोलता माझ्याकडे पाहिलं. "तिखट कधीपासून सोसत नाही यांना?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

त्यांनी कोल्हापूरला पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या, आणि कॅन्सर हा शब्द कुणीतरी जाता जाता आमच्यासमोर उच्चारला. जिभेचा बराचसा भाग आणि एका बाजूचा जबडा काढावा लागेल असं सांगितलं. बाबांनी विचारलं, "बोलता येईल?" मोठे डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं, सरावाने. "आणि चव?" डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी मान हलवली, जणू भाव पटला नाही पण मासे तर घ्यायचेच आहेत.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना आत नेताना मी स्ट्रेचरच्या गाडीबरोबर चालत होते. दाराशी बाबा म्हणाले, "घरचा गॅस बंद करून आलीस ना गो?"

मी म्हटलं, "हो."

त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं तेच शेवटचं बोलणं.

घरी आले तेव्हा त्यांच्या नाकातून नळी होती. पेज गाळून, डाळीचं पाणी गाळून आम्ही नळीतून सोडायचो. बोलायचा प्रयत्न त्यांनी चार-पाच दिवस केला. मग समोरच्याचा चेहरा बघून सोडून दिला. हाताने खुणा करायचे किंवा माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे. मासेमारीबंदी होती, सगळ्या लाँची बंदरात उभ्या होत्या, त्यामुळे वाड्यातली माणसं येत-जात राहायची. ती खूप बोलायची आणि लवकर उठायची.

मॅडमचा फोन आला. आराखडा जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचा होता, मला फक्त सही करायची होती. मी नाही म्हटलं. त्यांना बाबांचं कुणीतरी सांगितलं असावं. त्या म्हणाल्या, "आचारी आजारी पडण्याचा तो प्रश्न मी तसा विचारायला नको होता."

"प्रश्न बरोबर होता, मॅडम," मी म्हटलं. "मीच उत्तर दिलं नाही."

बंदी उठायच्या आधी तांडेल आणि चार खलाशी बाबांना भेटायला आले. तांडेल म्हातारा, बाबांबरोबर पंचवीस वर्षं असलेला. बाबांनी मला खूण केली, यांना जेवायला घाल. मग बोटाने माझ्या वहीकडे दाखवलं. मला कळलं. मी बांगडे आणले. मीठ, तिखट, हळद वहीतल्या वजनाने घेतली. लसूण बाटलीने ठेचली. बाबा खाटेवर उशीला टेकून बघत होते. मधेच त्यांनी हात वर केला, मी थांबले. त्यांनी नाक पुढे केलं, पण नळीमुळे वास येत होता की नाही कोण जाणे. हात खाली घेतला आणि पुढे चालू दे म्हणून मान हलवली.

पाचही जण खाली बसून जेवले. कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. तांडेल ताट संपवून म्हणाला, "चांगला झाला हाय गो. अगदी चांगला." त्याचं बोलणं खाली बघून होतं. एका खलाशाने बांगड्याचा अर्धा तुकडा भाताखाली सारला होता. बाबा जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. पंचवीस वर्षं त्यांनी तेच पाहिलं असणार. काय झालंय ते त्यांना माझ्याआधी कळलं.

सगळे गेल्यावर मी त्यांच्यापुढे वही धरली. मी विचारलं, "काय कमी पडलं, बाबा? खरं सांगा."

त्यांनी पेन घेतलं, खूप वेळ धरून ठेवलं आणि लिहिलं, 'बरा झाला.' मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर मी त्यांच्यासमोर मासे रांधले नाहीत, आणि त्यांनीही पुन्हा खूण केली नाही.

ते दिवाळीच्या थोडे आधी गेले. सकाळची वेळ होती, आई जेट्टीवर गेलेली. मी पेज गाळून आणली तेव्हा त्यांचा हात खाटेवरून खाली आला होता. मी वाटी ठेवली, हात वर ठेवला आणि तो पुन्हा खाली आला. त्यांच्या लाँचवर तोवर नवा आचारी लागला होता. त्या दिवशी लाँच समुद्रात होती, त्यामुळे तांडेलाला खांदा देता आला नाही. परत आल्यावर तो घरी आला, दारातच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्याला दोन वर्षं झाली. हॉटेल काही झालं नाही. तो गाळा एका मोबाईलवाल्याने घेतला. मी परीक्षा पास झाले, एका ऑफिसात काही महिने काम केलं, ते सोडलं. आता घरून डबे देते. कॉलेजच्या होस्टेलवरच्या मुली आहेत, बँकेतले दोघंतिघं आहेत. आईच्या पद्धतीचं नारळाचं कालवण असतं, भात, चपाती, भाजी. लोक नावं ठेवत नाहीत. मॅडमही बुधवारी डबा घेतात. आल्या की स्टुलावर बसून जरा वेळ बोलतात, धंद्याबद्दल मात्र नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी आई आणि मी मागच्या दारी डब्यांसाठी मासे साफ करत होतो. अचानक आई म्हणाली, "मी त्यांच्या तुकड्या धुवून वाढत होते."

मला कळेना. "कुणाच्या?"

"तुझ्या बापाच्या. कालवणातली तुकडी काढायची, पाण्यात धुवायची, मग ताटात. नायतर खाता येत नव्हता त्यांना. ते गेले त्याच्या आदल्या दिवाळीपासून. तुझा कॉलेजातला ता सुरू व्हायच्या पण आधी."

मी सुरी खाली ठेवली. रोज एकाच घरात, एकाच पंगतीला आम्ही जेवत होतो. मला ते कधी दिसलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटला, तोंड आला असेल, जाईल. दवाखान्यात चला, बोलले होते मी. एकदा बोलले." ती मासा हातात घेऊन तशीच बसली. "एकदाच बोलले गो. ते नको बोलले, आणि मी गप्प बसले."

तेव्हा मी तिला नळावरचं सांगितलं. टाळ्यांचं सांगितलं. मी खिडकीतून बघत होते आणि वाढत राहिले, तेही सांगितलं. हे मी तोवर कुणालाच बोलले नव्हते. आईने ऐकलं. मला समजावलं नाही, तुझी काय चूक असंही म्हणाली नाही. तिचे डोळे वाहत होते आणि दोन्ही हात खवल्यांनी भरलेले होते.

"जरा पूस गो," ती म्हणाली.

माझेही हात तसेच होते. मी मनगटाची मागची बाजू तिच्या गालांवरून फिरवली, एकदा या गालावर, एकदा त्या. मग आम्ही उरलेले मासे साफ केले.